हळदीवरचा आळ

शनि. २२ ऑक्टो. ८८
आज डोकं फिरलं. तळ्यातल्या एकपेशीय पॅरामेशियमना एक दिवस मलेरियाच्या गोळीच्या पाण्यात ठेवलं, मग धुऊन साध्या गवताच्या काढ्यात सोडलं, त्याला सात दिवस झाले. माझ्या पीएच.डी.चे गाईड सर म्हणाले होते, औषध काढलं की चार दिवसांत पूर्ववत. माझे पॅ. अजून ढिम्म. दिवसाला दोनदा दुभंगायचे, ते जेमतेम एकदा.
मग आठवलं, बुधवारी खंडेनवमी. आमचे लॅब अटेंडंट शंकरमामा दरवर्षी मायक्रोस्कोपला हळदकुंकू वाहतात, झेंडू घालतात. (पेढे मीही खाते.) माझ्या पॅ.च्या काचेच्या बशा शेजारीच होत्या. एस.वाय.च्या मुलांसमोर मी ओरडले, "तुमच्या हळदीनं माझा प्रयोग मेला!"
"मॅडम, मी बशांना हात नाय लावला. झाकणं होती."
"खोटं बोलू नका."
सगळ्या बशा बेसिनमध्ये ओतल्या.

सोम. २४ ऑक्टो.
प्राचार्यांकडे लेखी तक्रार. मामांना मेमो, लॅबमधून गेटवर बदली. गाईड सर : "बरं केलंस." उल्हासनगरच्या कॉलेजातून अंबरनाथला घरी पोचेपर्यंत स्वतःचं कौतुक वाटत होतं.

१४ डिसें.
पुन्हा श्रीगणेशा. पूर्वी बदलापूरकडच्या आपल्या गावच्या तळ्याचं पाणी मामाच आणायचे, बरणी पोरासारखी कडेवर घेऊन. आज मी गेले. चिखलात चप्पल तुटली. परत येताना गेटवर मामा स्टुलावरून उठून उभे राहिले. मी दुसरीकडे बघितलं.

शुक्र. २० जाने. ८९
औषध धुतल्याला बारा दिवस. हळद नाही, कुंकू नाही, मामा नाहीत. तरी तसेच रेंगाळताहेत! आत्ता बशीत आहेत त्यांनी तर औषध पाहिलंही नाही. ज्यांनी पाहिलं त्यांची ही कितवी तरी पिढी. शेजारच्या, औषध न दिलेल्या बशांत सगळं नेहमीसारखं.
ऑक्टोबरमध्येही शेजारच्या बिनऔषधाच्या बशा ठणठणीत होत्या. हळद पडली असती तर त्याही बिघडल्या असत्या की! एस.वाय.च्या पोरालाही कळेल. मला रागात सुचलं नाही. मूर्ख तर आहेच मी, वर दुष्ट.

२७ जाने.
सरांना आकडे दाखवले. खूश. "अगं, हे नवीन निघालं! पेपर होईल." मामांचं सांगितलं. "जुनं झालं ते. उकरू नकोस, डिग्री हातात येऊ दे." मी मान हलवली. का हलवली...

३१ जाने.
मामा रिटायर झाले. मेमो होता म्हणून निरोप समारंभ नाही. ऑफिसात नारळ दिला म्हणे. मला प्रॅक्टिकल होतं. खरं तर नव्हतं, नुसतीच लॅबमध्ये बसून राहिले.

रवि. ५ फेब्रु.
गेले शेवटी त्यांच्या गावी. मामा ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होते. सगळं सांगितलं. "हळदीनं काही झालं नव्हतं, मामा. चूक माझी. माफ करा."
ते सोलतच राहिले. मग म्हणाले, "ता मला म्हाईतच व्हता, मॅडम. माज्या घरात मला खोटारडा कोन म्हनत नाय. तुमी म्हनलात कॉलेजात, पोरांच्या समोर. तिकडं सांगा."
चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

सोम. ६ फेब्रु.
अर्ज लिहिला : तक्रार चुकीची होती, मेमो रद्द व्हावा. सरांना दाखवला. "दिलास तर दुसरा गाईड शोध." चार वर्षांचं काम. आईला सांगितलेलं नाही.

बुध. ८ फेब्रु.
अकराला स्टाफ मीटिंग. आत्ता साडेदहा. अर्जावर सही केली, खोडली, पुन्हा केली. एस.वाय.ची तीच बॅच प्रॅक्टिकलला आली आहे. दारातून विचारताहेत, "मॅडम, येऊ का आत?"
या म्हटलंय. सगळे बसले की आधी यांच्यासमोर सांगते, मामा खरं बोलत होते; मग अर्ज घेऊन मीटिंगला.