शेवंताची बांगडी सैल आहे

१२ नोव्हेंबर ६१
मद्रासी मिस्त्रीच्या सुनेच्या हातातल्या चार बांगड्या आज मी फोडल्या. ओला फडका खाली घालून, अडकित्त्यानं, एकेक. कातडीले ओरखडा नाई.
सासू अंगावर धावून आली. तिची भाषा मले येत नाई, शिवी समजते. सवाष्नीच्या हातची काच फोडनारी मी, अन् वरून विधवा. पन दिवाळीच्या आधी याच हातात दोन-चारच्या मापाच्या बांगड्या मी साबन न लावता चढवल्या होत्या. आज त्या मांसात रुतून बसलेल्या. बोट दाबलं तं खड्डा पडला, तसाच राहिला. सासू खुनेनं सांगे, अंग धरलं सुनेनं, पोरगा होईल.
म्हनलं, अंग नाई धरलं, पानी धरलं. ने दवाखान्यात.
नवऱ्यानं नेली. मी क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत ऐकू जाईल एवढी ओरडली म्हनून नेली.

१५ नोव्हें.
मिस्त्रीची सून बरी आहे. दवाखान्यातल्या डाक्टरीनबाईनं मले बोलावलं. केरळची आहे, जाड चष्मा, वय माझ्या नातीहून सात-आठ वर्षं जास्त. विचारे, तुमको कैसे मालूम हुआ? म्हनलं, बांगडीनं. हसली. मंग हसनं थांबलं अन् खुर्ची दिली.
तिचं म्हननं असं. बाया दवाखान्यात येतच नाईत. झटके सुरू झाले की खाटेवर घालून आनतात, मंग डाक्टरनं काय करावं? म्हनून तिले कारखान्याच्या कँपातल्या अन् सेक्टरातल्या गरोदर बायांचं पहिल्यापासून लिहून ठेवायचं आहे. प्रेशर किती, लघवी कशी, सूज कुठं, अन् शेवटी काय झालं. झटके कोनाले येनार ते आधी कशावरून समजेल, हे तिले शोधायचं आहे. वरचे साहेब म्हनतात बाळंतपनं करा, रजिस्टर भरत बसू नका. "तो भी लिखूँगी," म्हने.
ही बाई मले आवडली.
ही वही तिनंच दिली. पुढून मापं लिहायची, बांगडी कधी भरली, आता कशी आहे. मागून मी माझं लिहीन. बारा तारखेचं सुट्या कागदावर होतं, ते आधी उतरवलं. पन्नाशीत मोहल्ल्याच्या वर्गात शिकलेलं अक्षर आहे, वाकडं आहे, पन माझं आहे. तिले मराठी येत नाई, हे बरं. आता इथून पुढं नुसतं डा. लिहीन. डाक्टरीनबाई डाक्टरीनबाई कोन लिहीत बसते.

१९ नोव्हें.
टोपलीत एका बाजूनं बांगड्या, दुसऱ्या बाजूनं शिश्या. डा.नं काचेच्या दोन नळ्या अन् स्पिरिटचा दिवा दिला, शिकवलं. लघवी नळीत घ्यायची, वरचा भाग तापवायचा. पांढरं झालं तं आंबट सिरक्याचा थेंब टाकायचा. थेंबानं साफ झालं तं काई नाई. अंड्याच्या पांढऱ्यावानी तसंच राहिलं तं त्या बाईले त्याच दिवशी आनायचं.
पानटपरीवरचा एक म्हने, "काय आजी, बांगड्या सोडून आता मूत विकता का?"
म्हनलं, "हाव. तुह्या तोंडातून निघते त्याच्याहून साफ असते."
सगळे हसले. तोही हसला. उद्या त्याच्याच बायकोची शिशी घ्यायची आहे.

२४ नोव्हें.
माझी नात शेवंता आली नंदिनी गावाहून. सातवा लागला. पहिलं बाळंतपन, माहेरी. तिले माहेर म्हनजे मीच अन् माझा लेक गनपत, बाकी कोनी नाई. तिचा नवरा देवराव तिकडं चुनखडीच्या खदानीत आहे. पोरगा बरा, पन आईपुढं मान वर करत नाई.
शे.ची माय, माझी लेक यमुना, हिलेच जन्म देऊन गेली. भंडाऱ्याकडच्या गावात. दात लागले, डोळे फिरले, चार बायांनी हातपाय धरले. कोनी मिरच्यांची धुनी दिली, कोनी चप्पल हुंगवली. मीही धरून बसली होती. पोरगी वाचली, माय गेली. पाय दोन महिन्यापासून सुजले होते अन् मी म्हनत होती, होते पहिलटकरनीले.
एवढंच. याच्यावर रडून झालं आहे. अठरा वर्षं झाली.

२ डिसें.
डा.शी भांडन झालं. रजिस्टर उघडून म्हने, आजी, बांगडी से पक्का नहीं होता. बांगडी रुतली अशा किती तरी बाया चांगल्या बाळंत झाल्या. अन् एकीले सूज नव्हती, तिले झटके आले. प्रेशर अन् लघवी, दोन्ही पाहिल्याशिवाय सांगता येत नाई.
मी म्हनलं, तुमच्या मिशिनीच्या आधीपासून मी हात पाहून राहिली.
म्हने, हाँ, लेकिन कितनों का गलत निकला, वो लिखा था क्या?
नव्हतं लिहिलं. कोन लिहिते आपलं चुकलेलं? टोपली उचलून आली. चार दिवस जानार नाई.

५ डिसें.
गेली. काम आहे म्हनून गेली, तिच्यासाठी नाई.

१० डिसें.
काल चार बाया बोलावून शे.ले हिरवा चुडा भरला. देव सोडले आम्ही, दीक्षा घेतली तवाच सोडले. पन हिरवी काच कोन्या बाईनं सोडली नाई अन् मी तं विकते. माझ्याही हातात चार आहेत. नवरा मेला तवा लोकांनी फोडल्या, धंद्याले लागली तवा माझ्या मी भरल्या. बोलनारे बोलून थकले.
विहीन आली होती, देवरावची माय. तिच्या ट्रंकेत अजून देवी आहे, लुगड्याच्या घडीत. सगळ्याले माहीत आहे, कोनी बोलत नाई. बसल्या बसल्या म्हने, "इहीनबाई, सुनेचा हात पाहा नं, तुमची लई कीर्ती आयकली."
मी पाहिला. दोन-दोनच्या मापाची बांगडी कोपरापर्यंत सरकते. पायाले सूज नाई. सगळ्या बायांपुढं म्हनलं, "शेवंताची बांगडी सैल आहे. माझ्या नातीले काई होत नाई."
छाती फुगवून म्हनलं.

२१ डिसें.
सकाळी शे. म्हने, डोकं ठनकते, डोळ्यापुढं काजवे नाचतात. बरगडीखाली दुखते. मी म्हनलं, पित्त आहे, काल वांग्याची भाजी खाल्ली. आल्याचा रस दिला.
मंग चुलीपुढं बसल्या बसल्या टोपलीतल्या शिश्यांकडं पाहिलं. एवढ्या घरच्या शिश्या भरल्या मी. तेलगू, उडिया, बंगाली, त्या पानटपरीवाल्याची बायको. घरची शिशी एकदाही नाई. बांगडी सैल होती नं, म्हनून.
नळी घेतली. तापवली. पांढरं झालं. सिरका टाकला. तसंच राहिलं. आनखी टाकला. तसंच.
शे. विचारे, "काय झालं व आजी?"
"काई नाई. चप्पल घाल."
रिक्शानं नेली. डा.नं दंडाले पट्टा बांधला, दोनदा मोजलं, मंग दुसऱ्या हातावर मोजलं. प्रेशर लई आहे. भरती करा म्हने, आजच. रजिस्टर उघडून शे.चं नाव लिहिलं. मले दोन शब्द सुनावले असते तं बरं वाटलं असतं.

२२ डिसें.
शे. वार्डात. खिडकीले पडदा, बोलनं बंद, मीठ बंद. झोपेचं औषध देतात. सुईनं सारखी गुंगीत आहे.
विहीन नंदिनीहून आली ते थेट दवाखान्यात. व्हरांड्यातच सुरू झाली. "चांगल्या पोरीले खाटेवर टाकलं! अंगावर सूज नाई, काई नाई. घेऊन चालली मी."
म्हनलं, प्रेशर आहे, लघवी पांढरी झाली.
"अन् त्या दिवशी कोन म्हनलं? चार गावच्या बायांपुढं कोन म्हनलं, माझ्या नातीले काई होत नाई?"
"मी म्हनलं."
"मंग?"
"मंग खोटं म्हनलं. चुकली मी. हात पाहून समजत नाई, हे मले त्या पोरगेल्या डाक्टरनं आधीच सांगितलं होतं. मी आयकलं नाई. आता तुम्ही माझं आयकू नका, तिचं आयका."
विहीनीचं तोंड उघडं राहिलं. माझ्या तोंडातून चुकली हा शब्द कोनी आयकला नव्हता, गनपतनंही नाई. पन विहीन खमकी आहे. जाता जाता म्हने, "तवा खोट्या होत्या, तं आता खऱ्या कशावरून?"
याचा जवाब नळीत होता. घरून दोन्ही नळ्या आनल्या, शे.ची शिशी घेतली, व्हरांड्यात दिवा पेटवून विहीनीच्या डोळ्यापुढं तापवली. मंग शेजारच्या खाटेवरच्या बाईची. एक पांढरी, एक साफ. नर्स ओरडत आली, इथं हे काय लावलं. म्हनलं, दोन मिनिट थांब बाई, ही शाळा आहे.
विहीनीनं एकेक नळी उजेडात धरून पाहिली. नेते म्हनाली नाई.

२५ डिसें.
पुढच्या, मापांच्या पानांवर मी आज एक रकाना आखला. माझं चुकलेलं. पहिलं नाव शेवंताचं. मागचे आठवून आठवून आनखी लिहिले. डा.ले दाखवलं. तिनं ते तसंच आपल्या रजिस्टरात उतरून घेतलं. म्हने, आजी, यह काम का है. म्हनलं, असेल. मले ते परत वाचवत नाई.
शे. थोडी जागी होती. विचारे, "माह्या मायले असंच झालं होतं का?"
लहानपनापासून मी सांगत आली, ताप आला होता. आज म्हनलं, हाव, असंच. पन तिच्यापाशी डाक्टर नव्हती अन् तिची माय येडी होती.
"आता नाई का येडी?"
हसली कारटी. एवढ्या प्रेशरमधे हसली.

२७ डिसें.
प्रेशर उतरत नाई. लघवी कमी झाली. डा. दोनदा मोठ्या डाक्टरले घेऊन आली. दोघं इंग्रजीत बोलले. चेहरा वाचाले इंग्रजी लागत नाई.

२८ डिसें.
डा.नं मले अन् विहीनीले बसवून सांगितलं. आनखी थांबलं तं झटके येऊ शकतात. मूल बाहेर काढनं हाच इलाज, दुसरा नाई. आधी औषधानं कळा आनून पाहू, नाई जमलं तं पोट चिरू. मूल लहान आहे. वाचेल असं ती लिहून देनार नाई.
विहीन म्हने, "आठव्यातलं जगत नाई. सातव्यातलं जगते, नवव्यातलं जगते, आठव्यातलं नाई."
"कोन सांगितलं तुम्हाले?"
"कोन कायले सांगेल? मी पुरलं आहे. दोन."
मले माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिच्या ट्रंकेतल्या देवीवर मी हसत आली. मी तिच्या बाजूले सरकून बसली. तरी म्हनलं, इहीनबाई, नवव्याची वाट पाहताना माय गेली तं नववा कोनाचा?
डा.नं सहीचा कागद पुढं केला, तो विहीनीनं परत सरकवला. सही करनार नाई एवढंच म्हने, पोरगा येऊ दे. देवरावले खदानीत निरोप धाडला.

२९ डिसें.
सकाळपासून व्हरांड्यात. डा. चार वेळा आली, चारही वेळा एकच विचारलं, आया क्या? शे.चं डोकं परत ठनकून राहिलं. उजेड सहन होत नाई.
रात्री दहाच्या सुमाराले देवराव आला, ट्रकवर बसून. पापन्यांवर सुद्धा चुन्याची धूळ. डा.नं कागद पुढं केला. त्यानं वाचला, घडी घातली, परत उघडला. आईकडं पाहिलं. विहीनीनं तोंड फिरवलं, पदर डोळ्याले. मंग माझ्याकडं आला.
"आजी, तुम्ही सांगा. काय करू?"
सगळे माझ्याकडं पाहून राहिले. नर्स, विहीन, डा. सुद्धा. महिनाभर आधी मी एका दमात सांगितलं असतं, हात न पाहता सांगितलं असतं.
म्हनलं, "मले नको विचारू. तुह्या मायलेही नको. डाक्टरनीनं सांगितलं ते सगळं शेवंताले जाऊन सांग, चांगलं वाईट दोन्ही. पोट तिचं आहे, जीव तिचा आहे. ती शुद्धीत आहे. विचार तिले."
"ती काय सांगेल, आजी? लहान आहे."
"तुह्यासंग लगन केलं तवा लहान नव्हती का? जा."
नर्स म्हने, आदमी लोगों का टाइम नहीं है. डा.नं दार उघडून धरलं.
गेला आत, कागद हातात. पेन डा.नं दिलं.
विहीन माझ्या बाजूले बसून आहे. दाराकडं पाहून राहिली. अजून बाहेर आला नाई.