शंभर मण्यांची माळ

अल्मोडा, माघ ६ गते, संवत १९३५

चि. गोविंदी हीस भवदेवाचे अनेक आशीर्वाद. घरी सर्व क्षेम असावे.

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: माझा धाकटा भाऊ, तुझा नवरा मोतीराम, आता हयात नाही. हे वाक्य लिहिणे मला सोपे गेले असे समजू नकोस. जेठाने, म्हणजे थोरल्या दिराने, आणि ब्वारीने, धाकट्या भावाच्या बायकोने, समोरासमोर बोलायचे नाही ही आपली रीत. गावी आलो तरी मी ओसरीवर आणि तू दाराआड. तेव्हा जे सांगायचे ते कागदावरच, आणि आडपडदा न ठेवता.

आधी जे निर्विवाद आहे ते. मोतीराम अल्मोड्याच्या गोरखा पलटणीत मुलांना शिकवीत होता. तिथल्या इंजिनिअर साहेबाने त्याला मुलूखमोजणीच्या कामासाठी निवडले. तिबेटात गोऱ्या माणसाला पाऊल ठेवू देत नाहीत, म्हणून कैलासाच्या यात्रेकरूच्या वेषात त्याला पाठवायचे ठरले. दोन वर्षे त्याला फक्त चालायला शिकवले. चढ असो वा उतार, पाऊल तेवढेच पडले पाहिजे. जपाची माळ दिली तीही एकशे आठ मण्यांची नव्हे, शंभर मण्यांची. शंभर पावलांना एक मणी. माळ पुरी झाली की दहा हजार पावले, म्हणजे पाच मैल. संवत १९२९च्या आषाढात तो खिंड ओलांडून गेला. शेवटचा निरोप आला त्याला चार वर्षे झाली. गेल्या वर्षी साहेबांच्या कचेरीने त्याचे नाव बेपत्तांत घातले.

आता नवा पुरावा. संक्रांतीच्या स्नानाला मी बागेश्वरी होतो. मेळ्यात तिबेटात जा-ये करणाऱ्या, जोहार खोऱ्यातल्या शौका व्यापाऱ्यांची पाले लागली होती. धरमू पांगती नावाच्या एकाच्या पालात लोकरीच्या गठ्ठ्यांवर एक झिजलेली माळ टांगलेली दिसली. मी बाहेरच उभा राहून चाकराकरवी ती विकत घेतली आणि संगमावर बसून मोजली. मणी शंभर. तीनदा मोजले.

अनुमान असे. मोजणीदार आपली माळ जिवंतपणी हातावेगळी करीत नाही, जसा शिपाई आपली बंदूक. ही माळ परक्याच्या हाती सापडली. म्हणून तिचा धनी जिवंत नाही.

बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहावी असे शास्त्र आहे खरे, पण ते पुरावा नसेल तेव्हाचे. पुरावा मिळाल्यावर उशीर करणे म्हणजे त्याला परलोकाच्या वाटेवर उपाशी उभा ठेवणे. फाल्गुनातल्या अमावास्येला मी गावी येईन आणि दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देईन. त्या दिवशी तुला नथ उतरवावी लागेल.

तुझा भार माझ्यावर आहे आणि राहील. तुझे काही म्हणणे असेल तर लिही, मी वाचीन. या म्हाताऱ्यावरची माया आटू देऊ नकोस.

भवदेव लोहनी


सिलकोट, माघ १५ गते

तीर्थरूप जेठज्यूंच्या चरणी ब्वारी गोविंदीची दुरून पैलाग.

पत्र पोचलं. शेजारच्या काकीने काय लिहिलंय म्हणून विचारलं, मी हवापाणी म्हणून सांगितलं. या वेळी मायन्यात माझ्या नावामागचं ‘सौ.’ नव्हतं. तक्रार नाही, तुमच्या हातून चुकून काही सुटत नाही हे मला ठाऊक आहे.

तुम्ही घरी शिष्यांना शिकवायचात तेव्हा भिंतीपलीकडे भटाचं कडधान्य निवडता निवडता मी तुमचा न्यायशास्त्राचा पाठ ऐकला आहे. कोणी अडखळलं की तुम्ही म्हणायचात, आधी दृष्टांत तपास. म्हणून धीर करून तपासला. शिपाई जिवंतपणी बंदूक सोडत नाही असं तुम्ही म्हणता. आपल्या गावात पेन्शनीतले दोन शिपाई आहेत, हवालदार पदमसिंह आणि त्याचा चुलतभाऊ. दोघांनी बंदुका पलटणीत जमा केल्या, आणि आता रोज सकाळी पाण्याच्या नौल्यावर कोणाची घागर आधी यावरून दोघं असे भांडतात की त्यांना मेलेलं धरायला अख्खं गाव एका पायावर तयार होईल. पण आहेत जिवंत.

तेव्हा मोजणीदार माळ कधी सोडतो, मेल्यावर की काम सुटल्यावर, हे मला कळत नाही. ते सांगेल तर ज्याच्या हाती माळ आली तोच सांगेल. जेठज्यूंनी मणी तीनदा मोजल्याचं लिहिलं. धरमू पांगतीला एकदा तरी काही विचारल्याचं लिहिलं नाही.

शेवटच्या सुट्टीत तुमचे भाऊ मला माहेरी पोचवायला आले होते. ते पुढे, मी मागे. ओढ्याशी मी पाणी प्यायला थांबले, मान वर करते तर हे तिसऱ्या वळणावर. मी रुसले. तर म्हणाले, थांबलो असतो तर आकडा विसरलो असतो. आणि लगेच त्यांचं तोंड उतरलं, कारण मला उत्तर देण्याच्या नादात विसरलेच होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तसं चालायला शिकवलं. घरापासून नौल्यापर्यंत चारशे बारा पावलं. मी अजून मोजते. कधी चारशे सात होतात, कधी चारशे वीस. साहेबांनी मला ठेवून घेतलं नसतं.

जोहारची माणसं मेळ्यानंतर थलला नदीकाठी उतरतात. काकीला घेऊन मी उद्या तिथे जाते. परवानगी मागत नाही, कारण तुम्ही नाही म्हणालात तर मला ती मोडावी लागेल.

थंडी फार आहे, स्नानाला पाणी ऊन करून घ्यावं. माझ्यावरचा राग कागदावरच संपवावा, घरी आणू नये.

गोविंदी


अल्मोडा, माघ २१ गते

चि. गोविंदी हीस आशीर्वाद.

तुझे पत्र आले तेव्हा तू निघून गेली होतीस. म्हणजे ते मला विचारण्यासाठी नव्हतेच. लोहनींच्या घरची ब्वारी पालात जाऊन चौकशी करते हे मला रुचलेले नाही. ते तुला ठाऊक होते, म्हणून अधिक लिहीत नाही.

दृष्टांताविषयीचा तुझा आक्षेप मी दोन दिवस उलटून पालटून पाहिला. तो टिकतो. पण माझे अनुमान मोडले म्हणून त्याच्या उलट गोष्ट सिद्ध होत नाही. मोतीराम जिवंत आहे असे कोणीच दाखवलेले नाही. आशा धरू नकोस. धरलीच तर मला सांगू नकोस.

मी धरमूला का विचारले नाही, याचे कारण असे. त्याने मला आत बोलावले होते. आत गेलो असतो तर त्याच्या गालिच्यावर बसावे लागले असते, बसलो असतो तर त्याच्या हातचा चहा घ्यावा लागला असता. तो मी घेत नाही. म्हणून बसलो नाही, म्हणून विचारले नाही. कारण पुरेसे आहे की नाही ते तू सांगायची गरज नाही.

पत्र आणणाऱ्याबरोबर शाल धाडली आहे. थलला नदीचा वारा बोचरा असतो.

भवदेव


सिलकोट, माघ २४ गते

जेठज्यूंना पैलाग.

पत्र आणि शाल दोन्ही मिळालं. शाल काकीने अंगावर घेतली, बोलणी मी घेतली.

आता तुमच्याच शिस्तीने, आधी निर्विवाद ते. ते जिवंत आहेत. निदान गेल्या आश्विनापर्यंत होते. त्यापुढचं धरमूने पाहिलेलं नाही, म्हणून मीही म्हणत नाही.

धरमूच्या बायकोने गालिचा पसरला. काकी उभीच राहिली, मी बसले. लोणी-मिठाचा चहा आला, तोही प्याले. त्यावरचा शास्त्रार्थ सवडीने करू. धरमू लोकर कातत माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. शेवटी काकीने त्याला झापलं, लेकीच्या वयाची बाई आहे, लाज धर जरा. तो म्हणाला की बाईकडे कोण बघतंय, मी नथीकडे बघतोय, मला तेवढंच काम सांगितलेलं आहे.

हकीकत अशी. तिबेटात दापा गावी धरमूचा पिढीजात सौदेमित्र आहे, छेरिंग. त्याच्याकडे तीन वर्षं एक लंगडा पंडित राहतो. परतीच्या वाटेवर बर्फात त्याच्या डाव्या पायाची बोटं गेली, मेंढपाळांनी उचलून छेरिंगच्या दारात आणून टाकला. आता चालतो, पण एक पाऊल लांब पडतं, एक आखूड. घरच्यांबरोबर लोकर कातायला बसतो. धरमू म्हणतो, बामणाचं सूत पाहून मेंढ्यासुद्धा लाजतात, तरी छेरिंगची आई त्याला हलू देत नाही, कारण तिचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा घरात तो एकटाच. माळ त्यानेच धरमूला दिली. या पायांनी आता मोजणी जुळत नाही, खाली नेऊन विकून टाक, म्हणाला.

धरमूने विचारलं की मग घरी का जात नाहीस, माझ्या याकावर बसवून नेतो. तर म्हणाला, तीन वर्षं मी यांच्या चुलीवरचं खातोय. माझे ददा शास्त्री आहेत. ते मला दारात घेतील की नाही ते मला सांगता येत नाही, आणि त्यांना त्या पेचात मला टाकायचं नाही. मग एक काम सांगितलं. सिलकोटवरून जाशील तेव्हा लोहनींच्या ब्वारीच्या नाकात नथ आहे का, एवढं रस्त्यावरून बघ. बोलू नकोस. नथ नसेल तर त्यांनी माझं सगळं उरकलं असं समजेन आणि इथेच राहीन.

धरमू फाल्गुनाच्या अखेरीस आपल्या गावावरून जायचा होता. तुमच्या अमावास्येनंतर.

नथ त्याने पाहिली. पण दाराचं उत्तर द्यायचा अधिकार मला नाही. ते तुमचं. आषाढात खिंड उघडेल. धरमूने वर जाऊन काय सांगावं ते कळवा. जे असेल ते, गोड न करता.

तुमच्या पायांशी आहेच, तशीच राहू द्यावी.

गोविंदी


थल, फाल्गुन १० गते, अमावास्या

चि. सौ. गोविंदी हीस भवदेवाचे अनेक आशीर्वाद.

पत्र थलहून येते आहे याचे आश्चर्य करू नकोस. चार दिवस मी इथे आहे. पुतळ्यासाठी आणलेला दर्भ इथल्या देवळात दिला. धरमूच्या गालिच्यावर बसलो, चहा घेतला. तो चहा नव्हे, पातळ आमटी आहे. तू हे लिहायला हवे होतेस. साक्षीदाराला मी जवळजवळ चाळीस प्रश्न विचारले. त्याचे म्हणणे असे की तिबेटी नाक्यावरही इतकी झडती होत नाही, आणि ब्वारीने दोन प्रश्नांत जे काढून घेतले त्यासाठी शास्त्रीबुवांना चार दिवस का लागतात. साक्ष विश्वसनीय आहे. डाव्या भुवईवरचा व्रणही त्याने न विचारता सांगितला.

दाराचे उत्तर. प्राण राखण्यासाठी जो परक्या चुलीवरचे खातो त्याला दोष लागत नाही, असे स्पष्ट वचन आहे. ते शोधायला मला एक संध्याकाळ लागली. सापडले नसते तरी मी आलोच असतो. हे माझ्या शिष्यांच्या कानी जाऊ देऊ नकोस. धरमू त्याला घेऊन येईल. आषाढात मी त्याच्या माणसांबरोबर मिलम गावी जाऊन खिंडीच्या अलीकडे थांबेन. माझे वय आणि दम यांविषयी तू जे लिहिणार आहेस ते धरमूच्या बायकोने आधीच बोलून घेतले आहे.

आता एक चूक लिहून देतो. साक्षीदाराला विचारले नाही हा दोष तू दाखवलास, तो खरा, पण तो नंतरचा आहे. मूळ असे. चार वर्षे मी पाठशाळेच्या ओट्यावर बसून चढ चढून येणाऱ्या प्रत्येक माणसाची चाल पाहत असे. शिकवतानाही पाहत असे. ते मला सोसेनासे झाले होते. संगमावर शंभरावा मणी बोटाखाली आला तेव्हा आधी दुःख झाले नाही. आता पाहावे लागणार नाही, असे वाटले. दुःख मागाहून आले. मला भावाचे मरण सिद्ध झालेले हवे होते, म्हणून ते मी सिद्ध केले. आणि माझे पूर्ण ऐकले गेले असते, तर तो खरोखरच परत आला नसता.

ही चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही.

सही, भवदेव लोहनी