सासूबाईंना ट्रेडमिलवर चढू देऊ नकोस

शिवांजली,

तुझ्या सासूबाई मठातून आल्या की त्यांना ट्रेडमिलवर अजिबात चढू देऊ नकोस. पट्टा करकरत होता. माहितीपुस्तिकेत पट्ट्याखाली सिलिकॉन तेल सोडायला सांगितलंय. ते संपलं होतं, म्हणून मी घाण्याचं शेंगतेल सोडलं. आता पाय ठेवला की पट्टा सटकतोय. "पुस्तक वाचून यंत्र चालतंय व्हय?" असं त्या म्हणाल्याच होत्या. मी मंगळवार पेठेतून मेकॅनिकला घेऊन येतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्या कशाबशा चालू लागल्यात, पुन्हा पडल्या तर उठणार नाहीत. प्लग काढलाय, पण त्या लावतील. फारच हट्ट केला तर अंगणात हात धरून चालव. माझा हात त्या आता धरत नाहीत, तुझा धरतील.

मामंजी