कोलशेतच्या घराची मापवही

मी, कल्पिता आनंदा मढवी, वय ५९, राहणार डोंबिवली पूर्व, व्यवसाय मांडणशिल्पकार, म्हणजे अख्खी जागाच वापरून काम उभे करणारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाविना लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे, जीव मात्र थाऱ्यावर नाही. गुरुवारी हृदयाची शस्त्रक्रिया आहे. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती.

१. डोंबिवलीची खोली माझ्या स्वकष्टाची आहे. ती मैत्रीण योगिनी हिला द्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. मी अर्धवट सोडलेले निस्तरायची तिला सवय आहे.

२. विठ्ठलवाडीच्या गाळ्यातील वेल्डिंग मशीन, ग्राइंडर व शिड्या रतनभाऊंना द्याव्यात. वीस वर्षे लोखंडी सांगाडे त्यांनी जोडले, नाव माझे लागले. "भिंतीवर तुमचंही नाव लावू," असे मी एकदा म्हटले, तर म्हणाले, "ताई, आधी काम दर दोन तासांनी बदलणं थांबवा." मी थांबले नाही आणि नावही राहून गेले. यापुढे दोघांची नावे लावावीत.

३. बँकेतील सर्व शिल्लक आई ठमाबाई हिच्या औषधपाण्यासाठी आहे.

४. धाकटा भाऊ देवेश याच्याविषयी. आमचे वडील कोलशेतच्या मिठागरात राबले. त्यांच्यामागे घराची जागा बिल्डरला गेली. "घरपट्टीचा कागद आहे," असे सांगून देवेशने हक्कसोडपत्रावर माझी सही घेतली. मीही प्रदर्शनाच्या घाईत वाचले नाही. सहा वर्षांपूर्वी त्याच जागेवरच्या टॉवरच्या पार्किंगमध्ये मी आमचे घर खऱ्या मापात मिठाने आखले. आई त्यात फिरली. मला ओरडली, "अगो, तिकरं नको उभी रव, ती चूल हाय!" सकाळी देवेशने, तेव्हा तो सोसायटीचा सेक्रेटरी होता, पाइप लावून सगळे धुऊन टाकले. म्हणाला, "लोक हसतात, ताई. आपण कोण होतो ते कशाला दाखवायचं?" तेव्हापासून आमचे बोलणे बंद होते.

५. गेल्या रविवारी तो हॉस्पिटलात आला. उशाशी माझी मापवही होती, त्या घराची सगळी मापे आठवून लिहिलेली. बराच वेळ पाने उलटत राहिला, मग म्हणाला, "ओटा एवढा बुटका नव्हता. मी पडलेलो ना तिथून, कमरेएवढा होता." बरोबर होते. मी सतराव्या वर्षी शिकायला घर सोडले. शेवटपर्यंत तिथे राहिला तो.

म्हणून मापवही व ते घर पुन्हा आखण्याचा संपूर्ण हक्क मी देवेशला देते. आई हयात आहे तोवर त्याने ते एकदा आखावे. माझ्या मापांत वाटेल ती दुरुस्ती करावी. कोणीही त्याला अडवू नये.

हे सर्व वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली आहे.

कल्पिता आनंदा मढवी

आमच्यादेखत सही झाली, साक्षीदार :
१. डॉ. क्षिप्रा वैशंपायन, ठाणे
२. प्रितम केणे, शेजारी, डोंबिवली पूर्व

ठिकाण : ठाणे
दिनांक : ९ सप्टेंबर २०२५