पाहुणीचा मुरांबा

प्रिय ओग्न्येनदादा,

आई मला ओळखते, असं फोनवर सांगितलं ते खोटं होतं. हे पत्र टाकायचंही धाडस होणार नाही.

काल निश शहरात आपल्या घरी गेले, तर तिने चेरीचा मुरांबा, चमचा आणि पाण्याचा पेला पुढे ठेवला. हा मान पाहुण्यांचा. आपण बरणीला हात लावला तरी ती ओरडायची. मी चमचाभर खाल्ला.

"माझी मिल्यानाही साखरेवरच काम करते," ती कौतुकाने म्हणाली. "अल्झायमरवाल्यांच्या मेंदूत प्रथिनांच्या गुठळ्या होतात ना, बिचारे, त्या एक खास साखर अडवते."

"सध्या फक्त काचेच्या नळीत," मी म्हणाले. "औषध व्हायला वर्षं लागतील."

"थांबा हो थोडं," आई म्हणाली. "ती आली की तिलाच विचारा."

तुझी,
मिल्याना