हिरव्या नऊवारीतले हात

प्रिय चिंगे,

पत्र बघून दचकली असशील. ताईने फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू रडतेस, आणि तू रडलीस की मी विरघळते, हे तुला लहानपणापासून पक्कं ठाऊक आहे. म्हणून लिहितेय. मधे बोलायला तुला जागाच नको.

परवा ह्यांनी माझं चित्र भिंतीवरून उतरवलं. आईची हिरवी नऊवारी नेसून मी खुर्चीत बसलेय, ते. तैलरंग वरून कोरडे दिसले तरी आतून वाळायला वर्ष जातं, तोवर व्हार्निश लावायचं नसतं. वर्षभरात रंग मलूल होतात. गडद भाग तर राख फासल्यासारखे दिसतात. व्हार्निशचा ब्रश फिरला की सगळं पुन्हा ओलं, जिवंत होतं. हे काम आम्ही नेहमी दोघं मिळून करतो. हे ब्रश फिरवतात, मी तिरप्या उजेडात कुठे राहिलंय ते दाखवते. चेहरा उजळला, काठ उजळले, मी आपली कौतुकाने बघत होते. मग ब्रश मांडीवरच्या, सावलीतल्या हातांवर आला आणि डाव्या अंगठ्याचं नख वर आलं. मधोमध दुभंगलेलं, एका बाजूला वाकडं.

माझी नखं सरळ आहेत गं.

तुझ्या अंगठ्यावर ट्रंकेचं झाकण पडलं तेव्हा तू बालवाडीत होतीस. ते नख पुढे नीट वाढलंच नाही. कापायचं म्हटलं की घर डोक्यावर घ्यायचीस. बाबांशिवाय कुणाला हात लावू द्यायची नाहीस. ते चष्मा लावून, तुला गोष्ट सांगत सांगत कापायचे. तू कॉलेजात गेलीस तरी कापायचे, आणि आम्ही दोघांनाही चिडवायचो.

तुला आठवतंय ना, आईला दवाखान्यात ठेवल्याचा निरोप आला तेव्हा चित्रात माझे हात व्हायचे होते? नुसत्या रेघा होत्या. मी नऊवारी घडी घालून ठेवली आणि तशीच गाडीला बसले. आईचं सगळं आटपून परत आले तर हात पूर्ण झालेले. मी विचारलं, माझ्याविना कसे काढलेत? हे म्हणाले, तुझे हात मला पाठ आहेत. आता बघ, ह्या माणसाला समोर नसलेलं काही काढता येत नाही. केळी काढायला घेतली की ती काळी पडेपर्यंत घरात कुणी खायची नाहीत. पण माझे हात पाठ म्हणे! आणि मी शहाणी, त्या दुःखातही खूश झाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, बाईला अजून काय हवं असतं? तूही महिन्याभराने आलीस, चित्रासमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, ताई, हात किती सुरेख आलेत तुझे. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं.

ह्यांना मी तिथेच विचारलं. आधी म्हणाले, हातच तर होते, त्यात काय एवढं. मग म्हणाले, चिंगीच म्हणाली सांगू नका. तुमच्यात आणखी काय होतं, असं विचारलं तेव्हा ब्रश धूत बसले. स्वच्छ झालेला ब्रश पुन्हा पुन्हा धूत बसले. मला कळायचं ते कळलं. त्यांचं काय करायचं ते मी बघेन, तो माझा संसार आहे. मला संताप आलाय, किळस आलीय, पण नवऱ्यावरून बहिणीशी भांडायला मी हे लिहीत नाहीये.

त्या दिवसांत तू मला फोनवर सांगत होतीस की साहेब रजा देत नाहीत. रजा तर तू घेतली होतीस, चिंगे. माझ्या घरात होतीस. आई तिकडे दार वाजलं की मान वळवायची. नर्स आली तरी विचारायची, चिंगी का? मी तिला म्हणायचे, निघालीय, गाडीत बसलीय, पोचेलच. शेवटच्या दुपारीही तेच म्हणाले. तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि दाराकडे बघत गेली. आणि तू तेव्हा तिचीच नऊवारी नेसून, हलायचं नाही म्हणून, माझ्या खुर्चीत गप्प बसली होतीस!

आता लिहिण्याचं कारण. रविवारी ह्यांच्या चित्रांचं प्रदर्शन उघडतंय आणि बाबा येणार आहेत. आईची नऊवारी चित्रात कशी दिसते ते त्यांना बघायचंय. ते चष्मा लावून अगदी जवळ जातील, आणि ते नख त्यांना ओळखता येणार नाही असं तुला वाटत असेल तर तू त्यांना ओळखलंच नाहीस. हे म्हणाले, नखावर रंग मारतो, दोन मिनिटांचं काम. मी हात लावू दिला नाही. तू शनिवारपर्यंत बाबांकडे जा, समोर बस आणि आपल्या तोंडाने सांग. नाही गेलीस तर रविवारी ते माझ्याकडे वळून विचारतील, की हे हात काढले तेव्हा चिंगी कुठे होती. तुझ्यासाठी मी आईशी खोटं बोलले. बाबांशी बोलणार नाही.

'तुझीच' असं आज लिहवत नाही.

ताई