मोतीबिंदू आणि काळा पतंग

२२ डिसेंबर १९३५

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अजून पिकले नाहीत, म्हणून कापता येत नाहीत. "तोवर गच्चीवर जाऊ नका." संक्रांत तीन आठवड्यांवर, आणि गच्चीवर जाऊ नका! हा मनुष्य नागपूरचा नसावा.

२५ डिसेंबर

मांजा घोटला. काच चाळायला बायको, गोपिका बसली, कारण मला जाड-बारीक ओळखू येईना. माझी दोन बोटं कापली. रक्त दिसलं नाही, चिकट लागलं तेव्हा कळलं.

२९ डिसेंबर

मूर्खपणा केला.

पानाच्या दुकानी रुपराव भेटला. त्याची गच्ची आमच्या मागच्याच गल्लीत. तीस वर्षं तो काळा पतंग उडवतो, मी पांढरा. सगळ्यांदेखत म्हणाला, "वय झालं गा बाबाराव. सोड आता." मी भडकलो. म्हटलं, या संक्रांतीला आपल्या दोघांत ज्याचा कटेल, त्यानं जन्माचं सोडायचं. "डरतो का गा मी?" म्हणाला. झालं! टाळी दिली.

घरी येईपर्यंत दोनदा ठेचकाळलो.

४ जानेवारी १९३६

गच्चीवर गेलो. पतंग कडुलिंबाच्या वर गेला की नाहीसा. बोटाला ओढ लागते, पण तो आहे कुठे? चक्री धरून गोपिका मागे उभी, नेहमीसारखी. शेवटी तिला सांगून टाकलं — मला दिसत नाही. अटही सांगितली.

"अट ठाऊक आहे," म्हणाली. "आन् दिसत नाही तेही ठाऊक आहे. मी सांगते नं तुमाले."

१० जानेवारी

तिच्या सांगण्यावर आज दोन कापले. ठीक.

१४ जानेवारी

संक्रांत. सकाळी सातपासून गच्चीवर. गोपिका मागून बोलत होती — "डावीकडे घ्या. ढील द्या, अजून द्या. हं, खेचा!" सात कापले. कोणाचे, ते तिलाच माहीत.

रुपरावचा काळा चार वेळा जवळ आला म्हणे. चारही वेळा तिनं मला उजवीकडे घ्यायला लावलं. "वारा पडून राहिला." मला तर वारा चांगला वाटत होता! पाचपर्यंत पेच लागलाच नाही. खाली उतरताना मी चिडलेला होतो. पण खरं लिहायचं तर, सुटल्यासारखंही वाटलं. पतंग गेला, तर मला दुसरं काय येतं?

१५ जानेवारी

रुपराव तिळगूळ घेऊन आला. सोबत सून, लतिका. "घे गा," म्हणाला. मी हात पुढे केला. हाताला काही लागेना. त्याचा लाडू वीतभर बाजूला, हवेत! मी चाचपडतोय, तोही चाचपडतोय. लतिकेला हसू आवरेना.

"तुलेही?" मी विचारलं.

"दोन वर्सं झाले गा. कोणाले सांगू नको."

त्याला लतिका सांगते — डावीकडे, उजवीकडे. म्हणजे काल आभाळात दोन आंधळे! आणि या दोघींनी नळावर आधीच ठरवलेलं, की पांढऱ्याला काळा भेटू द्यायचा नाही. मी गोपिकेवर ओरडलो. तिनं ऐकून घेतलं.

"ज्याचा कटला असता, त्यानं घरी बसून काय केलं असतं?" एवढंच म्हणाली. रुपराव नाक शिंकरत बसला.

१६ जानेवारी

तिला विचारलं, पेच इतका अचूक कळतो कसा?

"एकोणचाळीस वर्सं मागं उभी राहून पाहून राहिली. मांजा हाती देला काहून नाही कधी?"

लाज वाटली. दिवसभर वाटत राहिली.

१९ जानेवारी

आज चक्री मी धरली, मांजा तिच्या हाती. पलीकडे लतिका उडवत होती, चक्रीला रुपराव. मला काहीच दिसलं नाही. चक्री हातात भराभर फिरली, थांबली, आणि गोपिका ओरडली — "ओ काट!"

तिला एवढ्या मोठ्यानं ओरडता येतं, हे मला आज कळलं.